नसांची आग आणि फोनवरचा आवाज

जरीपटका हा उत्तर नागपुरातला भाग. फाळणीनंतर सिंधमधून आलेली पुष्कळ कुटुंबे इथे वसली. समजा, तिथल्या एका दुकानदाराला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग होते, सुया टोचतात. पायाला जखम तर दिसत नाही. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत!"

आम्ही म्हणतो, तसे नाही. आपल्या अंगात मज्जातंतू असतात. लोक त्यांना नसा म्हणतात. चटका बसला की त्या मेंदूला निरोप धाडतात. मधुमेहाने, कुष्ठरोगाने किंवा नागीण उठून गेल्यावर कधीकधी या नसा बिघडतात. मग चटका नसतानाही निरोप जातच राहतो. दुखणे खरेच असते.

पण भजनात रंगलेल्या माणसाला गुडघा आठवत नाही. निरोप येतो, मेंदू त्याकडे लक्ष देत नाही. संमोहन हे असेच, पण शिकून केलेले. जाणकार डॉक्टर सावकाश बोलतो. पाय गार पाण्यात सोडले आहेत, असे मनात आणायला सांगतो. रोगी झोपत नाही. नको वाटले तर उठतो.

1845 साली बंगालात हुगळीला एस्डेल नावाच्या डॉक्टरने माणसांना अशी गुंगी आणून शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा भुलीचे औषध नव्हते. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले, ही रीत मागे पडली.

ऐकायचेच आहे, तर ते फोनवरही ऐकता येते. काहींना आराम पडतो, काहींना नाही. फोनमधून शक्ती येत नाही, येतो तो आवाज. काम आपलाच मेंदू करतो. म्हणून "फोटो पाठवा, दुरूनच दुखणे काढतो" म्हणणाऱ्याला आम्ही तरी एक पैसा देणार नाही.

आग कमी झाली म्हणजे नस बरी झाली असे नव्हे. साखरेची गोळी सोडू नका. बधिर पायात काटा मोडला तरी कळत नाही. जखम चिघळते, पाय कापायची पाळी येते. रोज रात्री तळवे पाहा. कुष्ठरोग्याची नस एकाएकी ठणकू लागली, हातातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्याला भास होतात त्याने डॉक्टरला विचारल्यावाचून संमोहन घेऊ नये. आणि फोन ऐकताना घरात बसावे. चुलीपाशी नको, गाडीवर तर नकोच.