कुकर, विळी आणि पुरणयंत्र : स्वयंपाकघरातली हत्यारं कशी निवडायची?

आजचा विषय साधा आहे. घरी रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला कोणती हत्यारं खरोखर उपयोगी पडतात, आणि का? ‘हत्यारं’ हा शब्द आपण मुद्दाम वापरतोय. सुताराच्या पटाशीला आपण हत्यार म्हणतो; ती कशी चालते, धार कधी लावायची, हे त्याला विचारलं तर तो तासभर सांगेल. विळी, कुकर, पुरणयंत्र यांना मात्र आपण ‘भांडीकुंडी’ म्हणून मोकळे होतो. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे जाहिरात बघून आणलेल्या वस्तूंनी माळा भरतो. आणि दुसरी, जरा गंभीर, म्हणजे ज्या वस्तूत खरा धोका असतो ती आपण सवयीनं, न समजता वापरत राहतो.

तेव्हा कुठलीही वस्तू समोर आली की आपण एकच प्रश्न विचारू : ही वस्तू पदार्थाचं नेमकं काय करते, जे नुसत्या हातानं किंवा नुसत्या आचेवर होत नाही? उत्तर सांगता आलं तर वस्तू ठेवण्यासारखी. सांगता आलं नाही, तर बहुतेक वेळा ती फक्त धुवायचं काम वाढवते.

कुकरपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडच्या स्वयंपाकात सगळ्यांत मोठा बदल त्यानं केला. ‘कुकर लावणं’ हा आता मराठीतला वाक्प्रचारच झालाय. कुकर म्हणजे काय, तर बंद भांड्यात वाफ कोंडायची. ही कल्पना जुनी आहे. डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असं भांडं मांडलं. त्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. १६८२ साली सोसायटीच्या सभासदांनी त्यातलं शिजलेलं जेवण चाखलं, त्याची नोंद जॉन एव्हलिन यांच्या रोजनिशीत आहे. आणि बघा, जास्तीची वाफ सोडणारी झडप बसवण्याचं कामही पापँनंच केलं. वाफ कोंडली की ती सोडायची सोय हवी, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आता आत काय होतं? उघड्या पातेल्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला उकळतं. मग तुम्ही गॅस कितीही मोठा करा, तापमान त्यापुढे जात नाही. पाणी फक्त लवकर आटतं. उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी आधीच उकळतं. महाबळेश्वरला साधारण ९५-९६ अंशाला, लेहला तर ८८च्या आसपास. म्हणून डोंगरावर डाळ शिजता शिजत नाही. कुकर याच्या उलट करतो. आपल्या घरगुती कुकरच्या शिट्टीचं वजन असं ठरवलेलं असतं, की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जास्त झाला की ती उचलली जाते. त्या दाबाला पाणी साधारण १२० अंशापर्यंत तापतं. वीस अंशांचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण डाळ, कडधान्य, मटण शिजण्याचा वेग त्यानं तिपटी-चौपटीनं वाढतो. हे हातानं होणार नाही, आचेनंही होणार नाही. आपल्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर देणारी दुसरी वस्तू स्वयंपाकघरात क्वचितच सापडेल.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘तीन शिट्ट्या द्या’ असं आपण एकमेकींना, एकमेकांना सांगतो. पण शिट्टी हे वेळेचं माप नाही. मोठ्या आचेवर छोट्या कुकरला तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतील, मंद आचेवर मोठ्या कुकरला पंधरा मिनिटं लागतील. पहिली शिट्टी एवढंच सांगते की आत पुरेसा दाब आला. त्यानंतर गॅस बारीक करून घड्याळ लावायचं. पुढच्या शिट्ट्यांनी आतलं तापमान वाढत नाही, फक्त वाफ आणि गॅस वाया जातो. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे विजेवरचे, शिट्टी नसलेले कुकर आले, तेव्हा नेमकी हीच पंचाईत झाली. आईनं शिट्ट्यांत सांगितलेली आमटी मिनिटांत कशी बसवायची? त्यांतल्या बऱ्याच कुकरांत दाबही आपल्यापेक्षा थोडा कमी असतो, म्हणून वेळ जास्त द्यावा लागतो. ओघात सांगून टाकू : मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, ज्याला तिकडे स्लो कुकर म्हणतात, त्यात कच्चा राजमा थेट घालू नये. राजम्यात नैसर्गिकरीत्या एक विषारी प्रथिन असतं. ते जोरदार उकळीनं नष्ट होतं, नुसत्या कोमट शिजवण्यानं नाही. भिजवून, पाणी टाकून, आधी खळखळून उकळायचा, मग पुढचं.

आता धोक्याकडे येऊ. वीस सेंटिमीटर व्यासाचं झाकण घ्या. त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो, म्हणजे आतली वाफ त्या झाकणाला तीनशे किलोंहून जास्त जोरानं ढकलत असते. तीन क्विंटल! गॅस बंद केल्यावर हा जोर लगेच जात नाही. घाईत असलेला माणूस लाटण्यानं ठोकून, चिमट्यानं उचकटून झाकण काढायला जातो, तेव्हा तो या तीन क्विंटलांशी कुस्ती खेळत असतो. काही कुकरांचं झाकण आतून बसतं. दाब असेपर्यंत ते निघूच शकत नाही, वाफच त्याला धरून ठेवते. बाहेरून बसणाऱ्या झाकणाला मात्र जबरदस्तीनं फिरवता येतं. ते करायचं नाही. शिट्टी किंचित उचलून बघा, फुस्स आवाज आला तर अजून थांबा.

आणि शिट्टी झालीच नाही तर? बहुतेक वेळा वाफेची नळी तुंबलेली असते. डाळीचा फेस, टरफल, भाताचं शीत त्या बारीक भोकात अडकतं. म्हणून झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, आणि फेसाळणाऱ्या डाळी थेट कुकरात घालत असाल तर निम्माच. चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो. आपण डब्यांत वरण-भात लावतो, ही पद्धत या दृष्टीनं फार शहाणी आहे. डाळ नळीपासून लांब राहते. नळी तुंबलीच, तर सेफ्टी व्हॉल्व्ह कामाला येतो. ठरावीक तापमानाला त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तो उडाला की लोक वैतागतात, पण त्यानं त्याचं काम चोख केलेलं असतं. त्या जागी त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवायचा. खिळा, एम-सील, स्क्रू असलं काही बसवलेलं दिसलं तर तो कुकर त्या क्षणी वापरातून काढायचा. नवा घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून आपल्या देशात घरगुती कुकरला ते सक्तीचं आहे, तरी स्वस्तातले बिनचिन्हाचे कुकर विकायला येतात.

कुकरमध्येही डाळ बोटचेपी होत नसेल, तर दोष बऱ्याचदा पाण्याचा असतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ते डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन घट्ट करतं. डाळीपुरतं तरी गोडं पाणी वापरा. चिंच आणि कोकमातलं आम्ल, आणि गूळही हेच करतात, म्हणून ते डाळ शिजल्यावरच घालायचे. पुरणाची डाळ आधी पूर्ण शिजवून मग गूळ, हा आजीचा नियम होता. त्यामागचं रसायन हे.

पुरणाचा विषय निघाला तर पुरणयंत्र. हे आमचं लाडकं. एक भोकांची चकती, तिच्यावर तिरकं पातं, वर दांडा. दांडा फिरवला की पातं शिजलेली डाळ चिरत नाही, खाली दाबतं. डाळ भोकांतून जाते, न शिजलेला दाणा आणि साल वर राहतात. म्हणजे वाटणं आणि गाळणं ही दोन कामं एका फेऱ्यात. मिक्सरमध्ये पुरण फिरवलं तर कच्चा दाणाही बारीक होऊन त्यात मिसळतो, आणि पुरण चिकट होतं ते वेगळंच. वर्षातून चार वेळाच लागतं, जागा अडवतं, असं म्हणून लोक ते काढून टाकतात. पण टोमॅटोचा रस गाळायला, उकडलेल्या बटाट्याचा गुठळ्या नसलेला लगदा करायला, लहान बाळाचं जेवण मऊ करायला ते रोज चालतं. पुरण गरम असतानाच फिरवा. गार झालं की दांड्यावर दुप्पट जोर लागतो.

मिक्सरशी आमचं वैर नाही. भारतीय स्वयंपाकासाठी, म्हणजे हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ पेलेल असा मिक्सर १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी तयार केला, तोच ‘सुमीत’. घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटणाखाली दमला, हे त्यामागचं कारण. पाट्यावर रोज वाकून वाटणाऱ्या बाईच्या पाठीचं आणि गुडघ्यांचं ओझं त्यानं उतरवलं, हे विसरून पाट्याची गोडवी गाण्यात अर्थ नाही. आणि गोडवी गाणारे बहुधा वाटणारे नसतात.

पण फरक समजून घ्यायला हवा. मिक्सरचं पातं कापतं. मिनिटाला हजारो फेरे घेऊन तुकडे बारीक करत जातं. पाटा-वरवंटा किंवा खलबत्ता चिरडतो. चिरडल्यानं पेशी फुटतात, लसणाचा, मिरचीचा, ओल्या खोबऱ्याचा रस आणि तेल एकमेकांत मुरतं, आणि तुकडे लहानमोठे राहतात. म्हणून ठेचा मिक्सरमध्ये होत नाही. होते ती मिरचीची पेस्ट. दुसरं म्हणजे मिक्सरचं भांडं घर्षणानं तापतं. कोथिंबिरीची चटणी काळपट होते त्यात या उष्णतेचा वाटा असतो. थंडगार पाणी घाला, एकसारखं न फिरवता थांबत थांबत फिरवा. मिक्सर मध्येच बंद पडला तर बुडाखालचं लाल बटण बघा. मोटर दमली की ते बाहेर येतं. थोडा वेळ गार होऊ द्या, बटण दाबा. दुरुस्तीवाल्याकडची एक फेरी वाचेल. आणि एक छोटा लोखंडी किंवा दगडी खलबत्ता घरात असू द्या. चार लसूणपाकळ्यांसाठी मिक्सरचं भांडं धुण्यापेक्षा तो परवडतो.

आता विळी. गोव्या-कोकणाकडे आदोळी म्हणतात, बंगाल्यांकडे तिचीच बहीण आहे, बोटी. सुरीत पातं हलतं आणि भाजी स्थिर असते. विळीत पातं पाटाला पक्कं, पाट पायाखाली दाबलेला, आणि दोन्ही हात भाजी धरायला मोकळे. लाल भोपळा, फणस, सुरण यांच्यासारख्या अवजड वस्तूला हा फायदा फार मोठा आहे. टोकाला खवणी असली की नारळही त्याच बैठकीत. मग विळी मागे का पडली? ती बोथट झाली म्हणून नाही. आपण जमिनीवरून उठून ओट्यापाशी उभे राहिलो म्हणून. हत्यार आणि बैठक ही जोडी असते. एक बदललं की दुसरं अडतं. ओट्यावर ठेवायच्या विळ्या मिळतात, पण पायाचा दाब नसल्यानं त्या सरकतात. ज्यांना खाली बसणं सोसतं त्यांनी विळी जरूर ठेवावी, पात्यावर झाकण घालून, मुलांच्या हाताबाहेर. ज्यांना सोसत नाही त्यांनी एक चांगली सुरी घ्यावी आणि तिला धार लावत राहावं. बोथट सुरी जास्त कापते, भाजी नाही, बोट. कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती टोमॅटोच्या सालीवरून घसरते. ओट्याच्या उंचीकडेही बघा. उभं राहून कोपर वाकवलं, की ओटा कोपरापासून वीतभर नाही तरी चार बोटं खाली हवा. घरात स्वयंपाक करणाऱ्याला न विचारता गवंड्यानं ठरवलेल्या उंचीवर आयुष्यभर खांदे उचलून पोळ्या लाटणाऱ्या बायका काही कमी नाहीत.

दोरी ओढून कांदा चिरायच्या डब्याबद्दल नेहमी विचारणा होते. एका कोशिंबिरीपुरतं ठीक. पण तो कांदा चिरतो कमी, झोडपतो जास्त. पाणी सुटतं आणि असा कांदा तेलात परतायच्या ऐवजी उकडत राहतो. लसूण सोलायची रबरी नळी, केळी कापायची जाळी, अंड्याचा साचा यांवर वेळ घालवत नाही. सोऱ्या मात्र ठेवा, पितळी मिळाला तर उत्तमच. चकलीच्या घट्ट पिठाला लागणारा जोर प्लास्टिकच्या सोऱ्याला झेपत नाही.

शेवटी समोरून आलेला एक प्रश्न घेऊ : नवा संसार आहे, दोघंच आहोत, पैसे बेताचे, काय घ्यावं? तीन लिटरचा आयएसआय कुकर, डब्यांसह. एक जाड लोखंडी तवा, जो पहिले पंधरा दिवस चिकटेल आणि मग वर्षानुवर्षं चालेल. एक सुरी, लाकडी फळी, किसणी, छोटा खलबत्ता. मिक्सर सहा महिन्यांनी, काय वाटायला लागतंय ते कळल्यावर. आणि कुकर घेतानाच त्याची एक जादा रबरी रिंग घेऊन ठेवा. ती हमखास पाहुणे येणार त्याच दिवशी दगा देते.