टेम्पो विकला खरा, पण तुमच्या नावावरून उतरला का?

डिलिव्हरीचा धंदा आवरताना किंवा मोठी गाडी घेताना जुना टेम्पो विकला, पैसे खात्यात आले, चावी दिली, की आपण सुटलो असं वाटतं. मलाही वाटलं होतं. दुकानाची थ्री-व्हीलर ओळखीतल्या माणसाला दिली. "दादा, पुढच्या आठवड्यात नावावर करून घेतो," म्हणाला. मी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळा झालो. चार महिन्यांनी ई-चलन आलं, तेही ज्या गावात मी कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही तिथलं!

चलन तर भरून टाकता येतं. अपघात झाला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी 2007 मध्ये विकलेली, पुढे ती हातोहात फिरली, 2009 मध्ये अपघात झाला. आरसीवर नाव मात्र अजून पहिल्याच मालकाचं. विमाही नव्हता. भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावरच आली. कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे तो.

म्हणून फॉर्म 29 आणि फॉर्म 30 नीट समजून घ्या. 29 म्हणजे "मी गाडी विकली" ही कळवणी, दोन प्रतींत. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर ती 14 दिवसांत आरटीओला द्यायची, आणि हे काम विकणाऱ्याचं आहे, म्हणजे तुमचं. 30 हा गाडी नावावर करून घेण्याचा अर्ज. घेणाऱ्याला त्यासाठी 30 दिवस असतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते. लोन फिटलं असलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 द्यावा लागतो. आणि कोऱ्या फॉर्मवर सही? अजिबात नको. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही करा.

माझी आताची पद्धत सांगतो. आरटीओचं काम मी घेणाऱ्यावर सोडत नाही, स्वतः सोबत जातो. जमलं नाहीच, तर सौद्यातच ठरवतो की नवीन आरसीची प्रत हातात येईपर्यंत दहा हजार रुपये त्याची अनामत माझ्याकडे राहील. पैसे अडकले की माणूस बरोबर आरटीओत पोचतो.

गाडी देताना ताबा पावती करा. तारीख तर हवीच, पण वेळही लिहा. सकाळी 11 ला गाडी दिली आणि दुपारी 2 ला ती कुठे धडकली, तर त्या तीन तासांनाच किंमत आहे. चेसिस नंबर, इंजिन नंबर, किलोमीटरचा आकडा, दोन्ही चाव्या, "यापुढची जबाबदारी घेणाऱ्याची" हे वाक्य आणि दोघांच्या सह्या. या पावतीने अपघातग्रस्ताचा तुमच्यावरचा दावा टळत नाही, हे लक्षात ठेवा. पण घेणाऱ्याकडून वसुली करायला हाच कागद उपयोगी पडतो. विमा स्वतःच्या नावावर करायला त्याला 14 दिवस असतात, तेही पावतीत लिहून टाका.

रक्कम बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, तुकडे करून घेतली तरी.

आता जीएसटी. नोंदणी असलेल्यांनी जुनी गाडी विकली तर फक्त मार्जिनवर 18 टक्के. घसारा घेतला असेल तर मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा पुस्तकातली घसारा जाऊन उरलेली किंमत. समजा पुस्तकात टेम्पो 1,80,000 ला आहे आणि विकला 2,10,000 ला. फरक 30,000, कर 5,400. आणि 1,60,000 लाच गेला, तर कर शून्य. पण गोम इथे आहे: ही सवलत खरेदीच्या वेळी आयटीसी घेतला नसेल तरच मिळते. मालवाहू गाडीवर आयटीसी मिळतो, त्यामुळे बऱ्याच जणांनी तो घेतलेला असतो आणि नंतर विसरलेला असतो. विक्रीचं बिल फाडायच्या आधी सीएला खरेदीचं बिल दाखवा.

फ्रीझर, क्रेट, वजनकाटा, थर्मल बॅगा हे सगळं "टेम्पोसोबत सामान" असं एका ओळीत ढकलू नका. प्रत्येकाची किंमत वेगळी, सिरीयल नंबर आणि फोटो, शिवाय "आहे त्या स्थितीत" हे शब्द. नाहीतर महिन्याभराने फ्रीझरचा कॉम्प्रेसर गेला की फोन तुम्हालाच. वजनकाट्यासोबत वजनमापे विभागाचं पडताळणी प्रमाणपत्रही द्या.

शेवटी गाडीभोवती एक फेरी मारा. फास्टॅग बंद करा, जीपीएसमधून आपला मोबाईल नंबर काढा आणि बाजूवरचं दुकानाचं नाव, नंबर खरवडून टाका. माझ्या त्या थ्री-व्हीलरवर नंबर तसाच राहिला होता. वर्षभर लोक मला फोन करून विचारत होते, "कांदे कधी पोचणार?"