कप्पे मिटणे म्हणजे नोंदी पुसणे नव्हे

विंडोजची रजिस्ट्री म्हणजे संगणकाच्या आणि त्यातल्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचा साठा. तो 'रजिस्ट्री एडिटर'मध्ये उघडला की डावीकडे पाच मुख्य शाखा आणि त्यांच्या 'की' (फोल्डरसारखे कप्पे) दिसतात. शोधाशोध करताना कप्पे उघडत जातात, यादी लांबते आणि गोंधळ वाटतो. हा पसारा आवरायचा तर नोंदी काढाव्या लागतील, असा समज होऊ शकतो. तो साहजिक आहे, पण खरा नाही.

कपाटाचे उघडे खण आत ढकलले, तर आतले कागद जागच्या जागी राहतात. तसेच इथे. कीबोर्डवरचा डावा बाण दाबला की उघडा कप्पा मिटतो. पुन्हा दाबला की निवड वरच्या कप्प्यावर जाते. नेहमी लागणारी जागा 'फेव्हरिट्स'मध्ये ठेवता येते. विंडोज १० मध्ये २०१७पासून वर पत्त्याची पट्टीही आहे. तिथे मार्ग लिहिला की थेट पोहोचता येते.

'डिलीट' मात्र वेगळे. तो बदल लगेच होतो आणि इथे 'अनडू' (केलेले मागे घेण्याची सोय) नाही. म्हणून काही काढण्याआधी 'एक्स्पोर्ट' करून त्या कप्प्याची प्रत जरूर ठेवा.