हिरवी साडी, पुठ्ठ्याची बंदूक आणि गेमचा पिक्चर



मागच्या महिन्यात आमच्या केंद्रावर एका ताईंचा आवाजी निरोप आला. त्यांचा दहावीची परीक्षा दिलेला मुलगा आणि त्याचे तीन मित्र सुट्टीत गच्चीवर 'गेमचा पिक्चर' काढतायत. त्यासाठी ताईंची ठेवणीतली हिरवी साडी भिंतीला खिळे मारून लावली, पुठ्ठ्याच्या बंदुका केल्या, आणि घरातला फोन सकाळपासून पोरांच्याच हातात. ताईंनी विचारलं होतं, "हे नेमकं काय आहे? यातून काही शिकतील, की नुसता वेळ घालवतायत? आणि पुढे कुणी केसबिस करणार नाही ना?"

आमच्यातल्या दोघींनी व्हिडिओ गेम कधी हातातही धरलेला नव्हता. म्हणून आधी बसून असे पाच-सहा सिनेमे पाहिले, ते कसे झाले ते शोधलं, आणि मगच माइकसमोर बसलो.

तर ही गोष्ट अशी. एखादा गेम खेळून खेळून त्यातली माणसं, गावं, हत्यारं ओळखीची होतात. मग काही खेळणाऱ्यांना वाटतं, हे सगळं खऱ्या माणसांना घेऊन करून पाहावं. ते कंपनीचे नोकर नसतात आणि निर्माता म्हणून कुणी पाठीशी नसतं. स्वतःच्या खिशातले पैसे घालायचे, मित्रांना उभं करायचं आणि झालेला सिनेमा इंटरनेटवर फुकट दाखवायचा. याला चाहत्यांनी केलेला सिनेमा म्हणतात. बहुतेक पाच ते पंधरा मिनिटांचे असतात.

याची लाट आली ती साधारण २००९ ते २०११ या काळात, आणि त्याला कारणंही होती. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं, म्हणजे दाखवायला जागा मिळाली. २००८ मध्ये फोटो काढायचा असा एक कॅमेरा बाजारात आला की त्यावर सिनेमाच्या तोडीचं चित्रीकरण करता येऊ लागलं. घरच्या कॉम्प्युटरवर स्फोट, धूर, ठिणग्या घालता येतील असं सॉफ्टवेअरही तोवर आलं होतं. या तिन्ही गोष्टी एकदम हाताशी आल्यावर पोरं गप्प बसतील होय?

कॅनडातल्या टोरांटोच्या दोन भावांचं उदाहरण घ्या. आडनाव पर्चेस, म्हणजे खरेदी. पण त्यांनी खरेदी फारशी केलीच नाही. 'हाफ-लाइफ २' या गेमवर त्यांनी २००९ मध्ये 'एस्केप फ्रॉम सिटी १७' नावाचा छोटा सिनेमा केला. खर्च त्यांनी सांगितला तो ५०० डॉलर, म्हणजे तेव्हाचे वीस-पंचवीस हजार रुपये. लिहिलेली पटकथा नाही, मोठा ताफा नाही. शहराच्या ओसाड भागात जायचं, पटकन शूटिंग करायचं आणि निघायचं. गेममधला उंच मनोरा आणि राक्षसी यंत्रं नंतर कॉम्प्युटरवर जोडली. थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी तो पाहिला.

आम्हाला सगळ्यात आवडला तो मात्र २०११ चा 'पोर्टल: नो एस्केप'. याचा मूळ गेम २००७ चा. त्यातल्या बाईच्या हातात एक अजब यंत्र असतं. त्याने एका भिंतीवर एक भोक पाडायचं, दुसऱ्या भिंतीवर दुसरं. एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर! गोळ्या घालून माणसं मारायचा खेळ नाही हा, डोकं चालवायचा आहे. सिनेमा सात मिनिटांचा. कोंडलेली एक बाई, जवळजवळ रिकामी खोली आणि पहारेकरी. बोलणं नाहीच म्हटलं तरी चालेल. त्यामुळे आमच्यातल्या ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनाही तो अथपासून इतिपर्यंत कळला. आणि इथेच कमी पैशांतल्या कामाची खुबी दिसते. दहा जागा आणि पन्नास माणसं परवडत नाहीत ना, मग एकच खोली घ्या, पण ती अशी दाखवा की बघणाराही आत कोंडला जावा. हा करणारा डॅन ट्रॅक्टेनबर्ग पुढे हॉलीवूडमध्ये मोठ्या सिनेमांचा दिग्दर्शक झाला. २०१६ आणि २०२२ मध्ये त्याचे सिनेमे आले.

तसाच केविन टॅन्चरोएन. २०१० मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या गेमवर त्याने आठेक मिनिटांचा नमुना केला. खर्च ७,५०० डॉलर, तेव्हाचे साडेतीन लाखांच्या आसपास. हा काही गच्चीवरचा पोरगा नव्हता, आधी एक मोठा सिनेमा त्याने केलेला होता, आणि नावाजलेल्या कलाकारांनी त्याच्यासाठी काम केलं. कंपनीला दाखवायचं होतं की हा गेम असाही मांडता येतो. पुढच्याच वर्षी त्याला त्यावर मालिका करायला मिळाली. हे सांगायचं कारण, 'त्याला बघा कशी लॉटरी लागली' असं पोरं म्हणतात तेव्हा तो आधी कुठे उभा होता तेही विचारावं.

आता ताईंच्या साडीकडे येऊ. हिरवंच कापड का? कॉम्प्युटरला सांगता येतं की चित्रातला हा एक रंग काढून टाक आणि तिथे दुसरं दृश्य बसव. माणसाच्या कातडीत हिरवा रंग नसतो, म्हणून चेहरा शाबूत राहतो. शिवाय डिजिटल कॅमेरा हिरवा रंग इतर रंगांपेक्षा जास्त बारकाईने टिपतो. पण कापड एकरंगी हवं. जरीकाठाची साडी काही उपयोगाची नाही! काठ चमकतो, नक्षी तशीच राहते, आणि आईची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. साधं सुती कापड आणावं, इस्त्री करून ताणून लावावं. एक सुरकुती पडली की तिची सावली वेगळ्या रंगाची दिसते आणि तेवढा तुकडा जात नाही. माणूस कापडापासून चार-पाच फूट पुढे उभा करावा, नाहीतर हिरवी झाक खांद्यांवर येते. फोन हातात न धरता कशावर तरी टेकवून ठेवावा. आणि आवाजासाठी दुसरा फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवून वेगळा टिपावा. चित्र थोडं खराब असलं तर लोक चालवून घेतात, आवाज खराब असला की उठून जातात. रेडिओवाल्या म्हणून एवढं तरी आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो.

असं जुगाडाचं काम आपल्याकडे नवीन नाही. यंत्रमागांच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला तो गावातल्याच माणसांना घेऊन. पुढे तिथल्या सुपरमॅनच्या कामाला यंत्रमागावर काम करणारा माणूस होता. तो गेमवरचा सिनेमा नव्हे, पण दुसऱ्याची गोष्ट आवडली म्हणून आपल्या ऐपतीत पुन्हा सांगायची, ही ओढ तीच.

आणि इथेच ताईंचा शेवटचा प्रश्न येतो. गोष्ट दुसऱ्याची आहे. अमेरिकेत अटलांटाच्या तरुणांनी 'झेल्डा' या गेमवर 'द हीरो ऑफ टाइम' नावाचा पूर्ण लांबीचा सिनेमा केला. २००९ मध्ये थिएटरात दाखवला, डिसेंबरात इंटरनेटवर ठेवला. गेमच्या मालक कंपनीशी, निन्टेंडोशी, बोलणी झाली आणि वर्षअखेरीला तो त्यांना काढून घ्यावा लागला. इतक्या मेहनतीचं काम, आणि दाखवायला मिळाले मोजके दिवस. आम्ही हे वाचलं तेव्हा वाईट वाटलं. पण कंपनीचंही म्हणणं कायद्याला धरून होतं.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. गेममधली पात्रं, संगीत, चित्रं ही मालकाची. 'आम्ही पैसे कमावले नाहीत' एवढं म्हटल्याने परवानगी मिळाली असं होत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. घरात काढून घरच्यांना दाखवलं तर सहसा कुणी विचारत नाही. प्रश्न येतो तो सगळ्यांसाठी टाकल्यावर. सगळ्या कंपन्या सारख्या नसतात. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच नियम छापून सांगितलं की पैसे न कमावता आमच्या गेमवर काय केलेलं चालेल. काही कंपन्या डोळेझाक करतात, काही लगेच हटवायला लावतात. म्हणून पोरांनी ज्या गेमवर काम चालवलंय त्या कंपनीचे नियम आधी काढून वाचावेत. इंग्रजीत असतात, त्यानिमित्ताने इंग्रजी वाचून होईल! सिनेमाचं गाणं तर मुळीच घालू नये. यूट्यूबचं यंत्र ते आपोआप ओळखतं. कॉपीराइटच्या तक्रारी ९० दिवसांत तीन आल्या तर सगळं चॅनलच बंद होऊ शकतं.

आम्हाला विचाराल तर पोरांना थांबवू नका. चार जण वेळेवर जमतात, भांडून पुन्हा एक होतात, एकच प्रसंग दहादा करतात, हे नुसतं गेम खेळत बसण्यापेक्षा कितीतरी बरं. मात्र फोन किती वेळ द्यायचा ते आधी ठरवा. गच्चीच्या कठड्यावरून उड्या नकोत. आणि बंदूक पुठ्ठ्याची असली तरी रस्त्यावर, एसटी स्टँडवर, देवळापाशी नेऊ देऊ नका. लांबून ती पुठ्ठ्याची आहे हे कुणाला दिसणार? टोकाला भडक नारिंगी रंग द्यायला सांगा, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या, शिवारात शूटिंग असेल तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला.

आणखी एक. चौघांत एकही मुलगी नाही, हे आम्ही ताईंना फोनवर विचारलं तेव्हा कळलं. त्यांची धाकटी सातवीत आहे, तिला फक्त साडी धरायला उभी केली होती. 'पोर्टल'मधली ती बाई तिला दाखवा म्हणून आम्ही सांगितलं. ताईंचा परवा पुन्हा निरोप आला. साडी घडी करून कपाटात गेली आहे, बाजारातून चार मीटर हिरवं सुती आणलंय, आणि कॅमेरा आता धाकटीकडे आहे.