सातवा काप

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. आज वाहनांचे व सुट्या भागांचे कारखाने चाकणपर्यंत पसरले आहेत. तेथे माप मर्यादेत राखावे लागते. शाळेतील बीजगणिती असमानतेचा विषय हाच.

समजा, लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा आहे. प्रत्येक कापास व्यास अर्धा मिलिमीटर घटतो. तो २२ मिलिमीटरखाली जाता कामा नये. काप क्ष मानल्यास,

२५ − ०.५क्ष ≥ २२
−०.५क्ष ≥ −३
क्ष ≤ ६

शेवटच्या पायरीत ऋण संख्येने भागल्यामुळे चिन्ह उलटले. विद्यार्थी बहुधा येथेच चुकतात. चिन्ह तसेच ठेवल्यास ‘किमान सहा काप’ असे उत्तर येते आणि दांडा भंगारात जातो. नियम घोकविण्यापेक्षा शिक्षकांनी क्ष = ७ घालून पडताळा करावयास लावावा. व्यास २१.५ येतो, चूक विद्यार्थ्यास स्वतःलाच दिसते.