धावपटूची पोटरी : दुखणे व शस्त्रक्रिया

पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावावे लागते. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावांतील तरुणांनी हा सराव करताना ठरावीक अंतरानंतर नडगी वा पोटरी ताठरून दुखत असेल आणि विश्रांतीने थांबत असेल, तर शिक्षकांनी तो आळस समजू नये. गुडघ्याखालील स्नायू चार कप्प्यांत असतात. श्रमाने ते फुगतात. परंतु भोवतीचे चिवट आवरण फारसे ताणले जात नाही व आतील दाब वाढतो. व्यायामापूर्वी व नंतर सुईने हा दाब मोजून निदान करतात. सराव कमी करूनही त्रास राहिल्यास शस्त्रक्रियेने आवरण छेदून स्नायूंना जागा करून दिली जाते. पुढच्या कप्प्यात तिचा गुण अधिक येतो. मात्र मार लागल्यावर वेदना विश्रांतीनेही वाढतच गेल्यास काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी पाय चोळत न बसता रुग्णालय गाठावे.