फाशीचा दोर आणि परिच्छेद २२६७

पुण्याच्या पूर्व भागात येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह आहे आणि तिथून काही किलोमीटरवर, नगर रस्त्याला, पेपल सेमिनरी आहे. कारागृह १८७१ सालचे. सेमिनरीची स्थापना पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे केली. १९५५ मध्ये ती पुण्यात आली. भारताच्या कानाकोपऱ्यातले भावी कॅथलिक धर्मगुरू तिथे राहतात आणि शेजारच्या ज्ञानदीप विद्यापीठात तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकतात. गुन्हेगाराचा जीव घेण्याचा अधिकार राज्याला आहे का, हा त्या अभ्यासातला फार जुना प्रश्न. दोन हजार वर्षांच्या या धर्मपरंपरेत त्यावर आजही एकमत नाही.

येरवड्यातल्या फाशी

महाराष्ट्रात फाशीची अंमलबजावणी दोनच कारागृहांत होते, येरवडा आणि नागपूर. ब्रिटिश अधिकारी रँड याच्या वधाबद्दल दामोदर हरी चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांचे बंधू वासुदेव आणि बाळकृष्ण व सहकारी महादेव रानडे त्याच वाटेने गेले. १९७६-७७ मध्ये पुण्याला हादरवणाऱ्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील जक्कल, सुतार, जगताप आणि शाह या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येथेच फासावर चढवले गेले. जनरल अरुणकुमार वैद्य यांचे मारेकरी जिंदा आणि सुखा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी, तर अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी फाशी झाली. चापेकरांना पुणे हुतात्मे मानते. बाकीच्यांच्या फाशीनंतर शहराने न्याय झाला असे मानले.

जुनी शिकवण काय होती?

कॅथलिक परंपरेने शतकानुशतके राज्याचा हा अधिकार मान्य केला होता. त्यासाठी दोन शास्त्राधार दिले जात. रक्त सांडणाऱ्याचे रक्त माणसाकडूनच सांडले जाईल, अशा अर्थाचे उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातले वचन हा एक. सत्ताधीश व्यर्थ तलवार बाळगत नाही, हा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला विचार हा दुसरा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सडलेल्या अवयवाचा दाखला दिला: शरीर वाचवण्यासाठी वैद्य तो कापतो, तसे समाजाच्या हितासाठी राज्य घातक माणसाला दूर करू शकते. पोप तिसरे इनोसंट यांनी १२१० मध्ये वाल्डेन्सियन पंथीयांना ख्रिस्तसभेत परत घेताना जी श्रद्धाकबुली मागितली, तिच्यात न्यायबुद्धीने दिलेला मृत्युदंड पाप ठरत नाही असे कलम होते. १५६६ च्या रोमन कॅटेकिझमने, म्हणजे अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथानेही, हीच भूमिका घेतली. फाशीविरुद्ध युक्तिवाद करणाऱ्या बेकारियाचा ग्रंथ १७६६ मध्ये रोमच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत गेला.

पोप स्वतः मध्य इटलीचे राजे होते आणि त्यांच्या पदरी जल्लाद असे. त्यांतला जोव्हान्नी बत्तिस्ता बुगात्ती हा सर्वांत प्रसिद्ध. १७९६ ते १८६४ या काळात त्याने ५१६ जणांचा मृत्युदंड अमलात आणला.

१८७० : गोव्यात बंद, रोममध्ये चालू

कॅथलिक पोर्तुगालने १८६७ मध्ये नागरी गुन्ह्यांसाठीचा मृत्युदंड रद्द केला आणि जून १८७० मध्ये ही तरतूद वसाहतींना, म्हणजे गोव्यालाही लागू केली. याच पोर्तुगीज सत्तेने १७८८ मध्ये आपल्याविरुद्ध रचलेल्या पिंटोंच्या कटाबद्दल गोव्यात १५ जणांना मृत्युदंड दिला होता. इकडे ९ जुलै १८७० रोजी, गोव्यातला मृत्युदंड रद्द झाल्यानंतर महिन्याभरात, पोपच्या राज्यात पॅलेस्ट्रिना येथे एका गुन्हेगाराचा शिरच्छेद झाला. तो तिथला शेवटचा. सप्टेंबरमध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि ते राज्यच संपले. एका कॅथलिक राजवटीने जे सोडून दिले, ते खुद्द धर्मगुरूंच्या राज्यात त्याच वर्षी चालू होते.

१९२९ मध्ये व्हॅटिकन नगरराज्य उभे राहिले तेव्हा पोपच्या हत्येच्या प्रयत्नासाठी मृत्युदंडाची तरतूद ठेवली गेली. ती कधीच वापरली गेली नाही आणि पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये ती काढून टाकली.

तीन पायऱ्यांनी झालेला बदल

१९९२ च्या नव्या कॅटेकिझमने अत्यंत गंभीर गुन्ह्यांत मृत्युदंडाची मुभा कायम ठेवली. मार्च १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘एव्हांजेलियुम विते’ या परिपत्रकात ती मुभा जवळजवळ मिटवली. आधुनिक तुरुंग समाजाचे रक्षण करू शकतात, त्यामुळे जीव घेण्याची गरज पडणारे प्रसंग जवळपास उरलेच नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानुसार १९९७ मध्ये कॅटेकिझमचा मृत्युदंडाविषयीचा परिच्छेद २२६७ सुधारला गेला. २ ऑगस्ट २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तो पुन्हा बदलला. घोर गुन्ह्यानंतरही माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, म्हणून मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत अमान्य आहे आणि तो जगभर रद्द व्हावा यासाठी ख्रिस्तसभा काम करील, अशी आजची भूमिका आहे.

वाद कशावर?

१५ ऑगस्ट २०१८ रोजी ४५ कॅथलिक विद्वान आणि धर्मगुरूंनी कार्डिनलांना खुले पत्र लिहून हा बदल मागे घेण्यासाठी पोपना सल्ला द्यावा, असे आवाहन केले. त्यांत अमेरिकी तत्त्वज्ञ एडवर्ड फेसर होते. आदल्याच वर्षी त्यांनी जोसेफ बेसेट यांच्यासह मृत्युदंडाच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला होता. या पक्षाची खरी अडचण फाशीपुरती नाही. शास्त्र, आचार्य आणि पोप यांनी इतकी शतके शिकवलेली गोष्ट चुकीची निघाली, तर उरलेल्या शिकवणीवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा, असा त्यांचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील कॅथलिक न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी २००२ मध्येच जॉन पॉल यांच्या भूमिकेशी जाहीर असहमती नोंदवली होती.

दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की जुनी शिकवण इथे उलटलेली नाही, तिचा विकास झाला आहे. कैद्याला जन्मभर कोंडून ठेवण्याची साधने नसलेल्या काळातला निर्णय आजच्या तुरुंगांच्या काळात जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय २०१८ च्या मजकुरात मृत्युदंड अमान्य ठरवला असला, तरी तो मुळातच पाप आहे असे म्हटलेले नाही. त्यामुळे आधीच्या पोपांवर थेट दोष येत नाही. टीकाकार नेमके इथेच बोट ठेवतात: मग तो तत्त्वतः मान्य आहे की नाही?

भारतातला पडसाद

कॅटेकिझम बदलला त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातील कॅथलिक न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी छन्नूलाल वर्मा खटल्यात मृत्युदंडाच्या फेरविचाराची वेळ आली आहे असे लिहिले. त्यांचा आधार धर्माचा नव्हता, घटनेचा होता. खंडपीठातील इतर दोघे या मुद्द्यावर त्यांच्याशी सहमत झाले नाहीत. पुण्यातील एका बीपीओ कर्मचारी तरुणीवरील बलात्कार व खुनाच्या २००७ मधील प्रकरणात दोघांच्या फाशीसाठी २४ जून २०१९ ही तारीख ठरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून ती शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेत बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

या वादात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळतात. राज्याला हा अधिकार तत्त्वतः आहे का, हा पहिला. आज तो वापरावा का, हा दुसरा. पहिल्यावर कॅथलिक पंडितांचे भांडण मिटलेले नाही. दुसऱ्यावर मात्र जॉन पॉल यांच्यापासून आजवर रोमचे उत्तर सातत्याने नकाराचेच राहिले आहे. भारताने वेगळे उत्तर दिले आहे: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मृत्युदंड कायम आहे.